खनिजातले माग: उष्णता पुसते, आम्ल दाखवते

ॲपटाइट या खनिजाचा वाळूएवढा कण घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्यात विशेष काही दिसत नाही. तोच कण 5.5 मोलर नायट्रिक आम्लात, 21 अंश सेल्सिअस तापमानाला, 20 सेकंद बुडवून धुतला की पृष्ठभागावर बारीक, सरळ, काळपट रेघा उमटतात. त्यातली एकेक रेघ म्हणजे त्या कणात कधी काळी फुटलेला युरेनियमचा एकेक अणू. रेघा मोजल्या तर कणाचे वय काढता येते आणि त्यांची लांबी मोजली तर तो कण केव्हा, किती तापला होता याचा अंदाज बांधता येतो. फिशन ट्रॅक या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

डोंगर केव्हा उचलले गेले, दरी किती वेगाने झिजली, जमिनीखालच्या थरांत खनिज तेल तयार होण्याइतकी उष्णता होती का, अशा प्रश्नांसाठी भूशास्त्रज्ञ या पद्धतीकडे वळतात. तिचा सारा पाया दोन क्रियांवर उभा आहे. उष्णता माग पुसते आणि रसायन उरलेला माग उघड करते. या दोन्ही क्रिया समजून घेतल्याशिवाय वयाच्या आकड्यावर विसंबू नये, हे सांगण्यासाठी हा लेख.

माग पडतो कसा

युरेनियम-238 चे बहुतेक सगळे अणू अल्फा कण बाहेर टाकत, टप्प्याटप्प्याने शिशापर्यंत पोचतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे 447 कोटी वर्षे आहे. मात्र साधारण अठरा-वीस लाख अणूंमागे एखादा अणू ही वाट न धरता आपोआप दोन तुकड्यांत फुटतो. यालाच उत्स्फूर्त विखंडन म्हणतात. एक ग्रॅम युरेनियममध्ये तासाला सुमारे 25 अणू असे फुटतात.

एका विखंडनातून सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सुटते. त्यातली 17 कोटींच्या आसपास ऊर्जा दोन तुकड्यांच्या गतीत असते. एका तुकड्याचे अणुवस्तुमान 95 च्या जवळपास, तर दुसऱ्याचे 140 च्या जवळपास. हे विद्युतभारित तुकडे विरुद्ध दिशांना सुटतात आणि वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातात. पुढे काय होते याची दोन स्पष्टीकरणे आहेत. अमेरिकेतील फ्लायशर, प्राइस आणि वॉकर यांनी 1965 मध्ये मांडले की इलेक्ट्रॉन गमावलेले अणू एकमेकांना दूर ढकलतात आणि स्फटिकाची घडी विस्कटते. दुसरे स्पष्टीकरण असे की उडालेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आजूबाजूच्या अणूंना मिळून ती अरुंद वाट क्षणभर वितळण्याइतकी तापते आणि लगेच गोठते.

स्पष्टीकरण कोणतेही घ्या, मागे राहते ती विस्कटलेल्या अणूंची नळी. तिची रुंदी 5 ते 10 नॅनोमीटर आणि ॲपटाइटमध्ये लांबी 20 मायक्रॉनच्या आसपास. धातूंमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन लगेच जागा भरून काढतात, त्यामुळे तिथे असे माग सहसा टिकत नाहीत. अभ्रक, ॲपटाइट, झिरकॉन, काच अशा विद्युतरोधक पदार्थांत ते टिकतात.

माग पडण्यासाठी युरेनियमच हवे असे नाही. वेगवान, जड असा कोणताही आयन हे काम करतो. जर्मनीतील डार्मश्टाट इथल्या जीएसआय संस्थेत त्वरकातून निघालेले जड आयन खनिजांवर सोडून मुद्दाम माग पाडले जातात. दोन हिऱ्यांमध्ये दाबून धरलेल्या खनिजांवरही तिथे असे प्रयोग झाले आहेत, कारण निसर्गात माग पडतात ते जमिनीखालच्या दाबात.

एचिंग: अदृश्य माग दिसू कसा लागतो

काही नॅनोमीटर रुंदीची नळी साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणे शक्य नाही. 1958 मध्ये इंग्लंडमधील हारवेल इथे डी. ए. यंग यांनी विखंडनाच्या तुकड्यांचा मारा झालेला लिथियम फ्लोराइडचा स्फटिक रसायनात बुडवला. प्रत्येक तुकड्याच्या जागी त्यांना एकेक खळगा दिसला. 1959 मध्ये तिथल्याच सिल्क आणि बार्न्स यांनी अभ्रकातले माग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने थेट पाहिले. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत प्राइस, वॉकर आणि फ्लायशर यांनी हे काम पद्धतशीर पुढे नेले. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने अभ्रकातले माग रुंद करून ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले आणि 1963 मध्ये या मागांवरून खनिजाचे वय काढता येईल असे मांडले.

आम्लाने असे कोरण्यालाच एचिंग म्हणतात आणि त्यामागचे तत्त्व सोपे आहे. भेगाळलेल्या बांधाला पाणी लागले की ते आधी भेगेची वाट धरते, मग बाकीची माती भिजवते. आम्लही तसेच वागते. मागातले अणू विस्कटलेले आणि जादा ऊर्जा बाळगून असतात, म्हणून तिथे खनिज झपाट्याने विरघळते. शाबूत भागात तेच काम संथपणे होते. माग खोल जात असताना त्याच्या भिंतीही थोड्या थोड्या झिजतात आणि काही नॅनोमीटरची नळी एक-दोन मायक्रॉन रुंद होते. तेवढी रुंदी हजारपट मोठे करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला पुरते.

या दोन वेगांचे गुणोत्तर फार महत्त्वाचे आहे. माग पृष्ठभागाशी अगदी तिरका असेल, तर तो खोल कोरला जाण्याआधीच वरचा पृष्ठभाग झिजून जातो आणि माग हाती लागत नाही. किती तिरका माग दिसेल याची मर्यादा प्रत्येक पदार्थात वेगळी असते. अभ्रकात जवळजवळ आडवे मागही दिसतात, कारण तिथे मागाचा वेग शाबूत भागाच्या कितीतरी पट असतो. काचेत बरेच माग असे निसटतात.

स्फटिकाची दिशाही विसरून चालत नाही. ॲपटाइटचा स्फटिक षट्कोनी. त्याच्या मुख्य अक्षाला लंब असलेल्या पृष्ठभागावर एचिंगचे खळगे षट्कोनी दिसतात, तर अक्षाला समांतर पृष्ठभागावर ते अरुंद फटीसारखे आणि सगळे एकाच दिशेने लांबट असतात. अनुभवी माणूस खळग्यांचा आकार पाहून कण कोणत्या बाजूने घासला गेला आहे ते ओळखतो आणि मोजणीसाठी अक्षाला समांतर पृष्ठभाग निवडतो.

खनिज तसे रसायन

ॲपटाइटला विरळ केलेले नायट्रिक आम्ल आणि काही सेकंद पुरतात. झिरकॉन मात्र आम्लाला सहजी दाद देत नाही. त्यासाठी सोडियम आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे मिश्रण 220-230 अंशांना वितळवून त्यात कण कित्येक तास, कधी दिवसाहूनही अधिक काळ ठेवावे लागतात. कण एरवी ज्या इपॉक्सीत बसवतात तिला हा गरम अल्कली रस खाऊन टाकतो, म्हणून झिरकॉनचे कण टेफ्लॉनच्या पातळ पत्र्यात गरम करून दाबून बसवतात. तेवढ्या वेळच्या उष्णतेने झिरकॉनमधले माग बिघडत नाहीत. ॲपटाइट मात्र असे तापवणे परवडत नाही. ते इपॉक्सीतच बसवावे लागते. नमुना बसवण्याच्या साध्या कामातही उष्णता आणि एचिंग या दोघांचा विचार असा एकत्र करावा लागतो.

अभ्रकासाठी हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. ते काच खाते, म्हणून प्लॅस्टिकच्या किंवा टेफ्लॉनच्या भांड्यात ठेवतात. त्वचेतून आत शिरून ते शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करते. ज्या प्रयोगशाळेत हे आम्ल आहे तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी असलेच पाहिजे.

मुंबईत तयार झालेले द्रावण

ऑलिव्हीन हे खनिज अशनींत आणि चंद्रावरच्या खडकांत भरपूर सापडते. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतील लोहासारखी जड केंद्रके त्यात माग पाडतात. पण ऑलिव्हीनमधले माग बारीक आणि स्पष्ट उघडणारे रसायन सापडत नव्हते. 1971 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कृष्णस्वामी, देवेंद्र लाल, प्रभू आणि ताम्हाणे यांनी 'सायन्स' या नियतकालिकात त्यावर उपाय प्रसिद्ध केला.

त्यांच्या द्रावणात 100 मिलिलिटर पाण्यात 40 ग्रॅम ईडीटीएचे सोडियम क्षार, 1 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल आणि 1 मिलिलिटर फॉस्फोरिक आम्ल असते. सोडियम हायड्रॉक्साइड घालून त्याचा पीएच 8 च्या आसपास आणतात आणि द्रावण उकळत ठेवून त्यात कण कित्येक तास ठेवतात. ईडीटीए मॅग्नेशियम आणि लोहाचे आयन पकडून बाहेर काढते आणि शाबूत स्फटिकाला फारसा धक्का न लावता माग अरुंद व टोकदार उघडतात. हे द्रावण जगभर डब्ल्यूएन या नावाने ओळखले जाते. मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेतील शास्त्रज्ञांनी अशनींमधल्या ऑलिव्हीनमध्ये अतिजड केंद्रकांचे माग शोधण्यासाठीही हाच मार्ग धरला. द्रावणाची पाककृती बदलल्याने विज्ञानाचे एक दालन उघडू शकते, याचे हे मुंबईचे उदाहरण आहे आणि ते आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे.

उष्णता माग कसा पुसते

खनिज तापले की विस्कटलेल्या अणूंना हलण्यापुरती ऊर्जा मिळते आणि ते हळूहळू आपापल्या जागी परततात. या दुरुस्तीला अनीलिंग म्हणतात. ॲपटाइटमध्ये माग आधी दोन्ही टोकांकडून आखडतो. उष्णता वाढत गेली की मध्येच शाबूत तुकडे तयार होतात आणि मागाचे खंड पडतात. आम्ल अशा शाबूत तुकड्यापाशी अडते, म्हणून एचिंगनंतर माग आणखी आखूड दिसतो.

तापवता तापवता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर शास्त्रज्ञांना खनिजाखनिजांतला फरकही दिसला. ॲपटाइटमधला माग सुट्या थेंबांसारख्या तुकड्यांत विभागला जातो. झिरकॉनमध्ये मागाच्या भिंतीकडून पुन्हा स्फटिक बनत येतो आणि माग बारीक होत जातो.

अनीलिंगचा वेग तीन गोष्टींवर ठरतो. पहिली अर्थातच तापमान आणि ते किती काळ टिकले. दुसरी स्फटिकातली दिशा: ॲपटाइटच्या मुख्य अक्षाला लंब असलेले माग समांतर मागांपेक्षा लवकर आखडतात. तिसरी खनिजाची घडण: क्लोरीन जास्त असलेल्या ॲपटाइटमध्ये माग फ्लोरीनवाल्यापेक्षा अधिक उष्णता सोसतात. म्हणून मोजणी करणारे खळग्याच्या तोंडाची अक्षाला समांतर रुंदीही मोजतात. ती रुंदी जास्त असेल तर कण उष्णतेला टणक असल्याचा इशारा मिळतो. उष्णतेविषयीचा हा सुगावा एचिंगमधूनच मिळतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेतला तास आणि निसर्गातली कोटी वर्षे

प्रयोगशाळेत ॲपटाइटमधले माग तासाभरात पुसायचे तर 350 ते 400 अंशांच्या टप्प्यात जावे लागते. निसर्गाकडे वेळ भरपूर आहे. एक कोटी वर्षे मिळाली तर 110 अंशांच्या आसपासचे तापमानही पुरते. साधारण 60 ते 120 अंशांच्या पट्ट्यात माग अर्धवट पुसले जातात. खोलीबरोबर दर किलोमीटरला 25 ते 30 अंश तापमान वाढते असे धरले, तर 110 अंश म्हणजे सुमारे तीन ते साडेतीन किलोमीटर खोली. झिरकॉनचा असाच पट्टा बराच वर, साधारण 200 ते 350 अंशांच्या दरम्यान आहे.

तासांच्या प्रयोगावरून कोटी वर्षांचे अनुमान काढणे ही मोठी उडी आहे. तिची परीक्षा ऑस्ट्रेलियातील ऑटवे खोऱ्यातल्या तेलविहिरींत झाली. तिथल्या वाळूच्या खडकांत ज्वालामुखींतून आलेले, सुमारे 12 कोटी वर्षे वयाचे ॲपटाइट आहे आणि विहिरींतले तापमान मोजलेले आहे. ग्लेडो आणि डडी यांनी 1981 मध्ये दाखवले की वरच्या थरांत वय जवळजवळ पूर्ण टिकून असते, खोल जाताना ते घटत जाते आणि 120 अंशांच्या पुढे शून्यावर येते. 1980 च्या दशकात मेलबर्नमधील लॅसलेट, ग्रीन आणि सहकाऱ्यांनी भट्टीतल्या प्रयोगांवरून जी गणिती समीकरणे बसवली, त्यांना या विहिरींचा आधार मिळाला. आज संगणकावर खडकाचा तापमान-इतिहास काढणाऱ्या प्रणाली याच कामाच्या वंशातल्या आहेत.

एक कण जवळून पाहू

समजा, एका ॲपटाइटच्या कणात दहा लाख भागांत 10 भाग युरेनियम आहे, त्याचे वय 10 कोटी वर्षे आहे आणि तो कधी तापलेला नाही. हिशेब केला तर अशा खनिजाच्या एका घन सेंटिमीटरमध्ये या काळात सुमारे 69 कोटी अणू फुटलेले असतील. एचिंगनंतर मागाची लांबी 16 मायक्रॉन धरली, तर घासलेल्या पृष्ठभागाच्या 0.1 मिलिमीटर बाजूच्या चौकोनात सुमारे 55 माग दिसतील.

आता हाच कण मध्यंतरी तापला आणि मागांची लांबी 16 वरून 12 मायक्रॉनवर आली असे धरा. आखूड माग पृष्ठभागापर्यंत पोचण्याची शक्यता कमी, म्हणून त्याच चौकोनात आता 41 च्या आसपास माग दिसतील. केवळ संख्येवर विसंबलो तर वय 10 कोटींऐवजी साडेसात कोटी वर्षे येईल. त्या साडेसात कोटी वर्षांपूर्वी प्रत्यक्षात काहीही घडलेले नसेल. लांबी मोजल्याशिवाय वय सांगू नये, ते यासाठी.

युरेनियमचे प्रमाण मोजण्याची रूढ रीतही एचिंगवरच चालते. घासलेल्या कणांवर अभ्रकाचा स्वच्छ पापुद्रा घट्ट बसवून ते अणुभट्टीतल्या मंद न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवतात. त्यामुळे युरेनियम-235 फुटते, काही तुकडे अभ्रकात शिरतात आणि अभ्रकाला आम्ल दिले की त्यात कणाची आरशातल्यासारखी प्रतिमा उमटते. कणातले जुने माग आणि अभ्रकातले नवे माग यांच्या गुणोत्तरातून वय निघते. हल्ली लेझरने कणाचा सूक्ष्म भाग उडवून युरेनियम थेट मोजण्याची रीतही रुळली आहे. मेक्सिकोतील दुरांगोचे सुमारे 3.1 कोटी वर्षांचे ॲपटाइट आणि कोलोरॅडोतील फिश कॅन्यनच्या राखेतले सुमारे 2.8 कोटी वर्षांचे स्फटिक यांच्याशी प्रत्येक मोजणाऱ्याचे काम ताडून पाहतात.

लांबीतून इतिहास

लांबी मोजायची तर पृष्ठभागाने कापलेले माग उपयोगाचे नसतात, कारण त्यांचा एक भाग घासण्यात गेलेला असतो. पूर्णपणे कणाच्या आत असलेले माग शोधावे लागतात. आम्ल एखाद्या वरच्या मागातून किंवा चिरेतून आत उतरून त्यांच्यापर्यंत पोचलेले असते.

ज्वालामुखीतून येऊन लगेच निवलेल्या खडकात बहुतेक माग 14 ते 15 मायक्रॉनचे आणि जवळजवळ सारख्या लांबीचे असतात. अर्धवट पुसणाऱ्या पट्ट्यातून खडक संथपणे वर आला असेल तर लांबी विखुरलेली असते: जुने माग आखूड, नंतरचे लांब. पूर्वी निवलेला खडक मध्येच पुन्हा तापून परत निवला असेल तर आखूड आणि लांब असे दोन गट दिसू शकतात. हे होते कारण माग एकाच वेळी पडत नाहीत. ते सतत पडत राहतात आणि प्रत्येक माग आपल्या जन्मानंतरचीच उष्णता सोसतो. खनिज तेल तयार होण्याचे तापमानही साधारण याच पट्ट्यात येते, म्हणून तेलशोधकांना ॲपटाइटची लांबी मोलाची वाटते.

हिमालयाच्या पश्चिम टोकाला नंगा पर्वत इतक्या वेगाने वर आला आहे की तिथल्या काही ॲपटाइटचे फिशन ट्रॅक वय दहा लाख वर्षांहूनही कमी भरते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे चित्र वेगळे आहे. दख्खनचा बेसाल्ट बारीक दाण्याचा असल्याने त्यात या कामाला योग्य ॲपटाइट सहसा हाती लागत नाही. म्हणून संशोधकांनी त्याच्या दक्षिणेकडच्या जुन्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांतले नमुने घेतले. 1993 मध्ये कलसवाड आणि सहकाऱ्यांनी, तर 2003 मध्ये गनेल आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटाच्या झिजेचा इतिहास यातून मांडला. घाटाखालच्या किनारपट्टीतली वये पठारावरच्या वयांपेक्षा कमी असणे, ही त्यातली महत्त्वाची खूण. किनाऱ्याकडच्या बाजूने खडकाचा जाड थर झिजून गेल्याचे ती सांगते.

चुका कुठे होतात

आम्लात कण कमी वेळ राहिला तर बारीक माग दिसतच नाहीत. जास्त वेळ राहिला तर माग एकमेकांत मिसळतात, रुंद होतात आणि लांबीही वाढलेली दिसते. आम्ल दोन-तीन अंशांनी गरम असले तरी फरक पडतो. म्हणून आम्लाचे प्रमाण, तापमान आणि वेळ या तिन्ही गोष्टी दरवेळी तंतोतंत पाळाव्या आणि लिहून ठेवाव्या लागतात. ज्या प्रयोगांवर अनीलिंगची समीकरणे उभी आहेत त्यांत वापरलेलीच रीत आपण वापरली नाही, तर आपली लांबी त्या समीकरणांत घालण्यात अर्थ नाही.

उष्णतेच्या बाजूनेही खबरदारी हवी. वणव्यात होरपळलेल्या उतारावरचा सगळ्यात वरचा खडक घेऊ नये. कण वेगळे करताना, सुकवताना ते भट्टीत फार तापवू नयेत. शेवटी मोजणीचा प्रश्न: 55 माग मोजले तर केवळ योगायोगामुळे येणारी अनिश्चितता सुमारे 13 टक्के असते. म्हणून एका नमुन्यातले वीस किंवा अधिक कण मोजतात.

वाचताना काय पाहावे

फिशन ट्रॅक वय दिसले की तीन प्रश्न विचारावेत. किती कण आणि किती माग मोजले? आतल्या मागांची लांबी दिली आहे का, आणि ती आखूड असेल तर वयाचा अर्थ त्याप्रमाणे लावला आहे का? कोणत्या आम्लात, किती तापमानाला, किती वेळ एचिंग केले? या तिन्हींची उत्तरे असतील तर तो आकडा खडकाच्या इतिहासाचा भक्कम पुरावा आहे. उत्तरे नसतील, तर तो केवळ मोजणीचा आकडा आहे. त्यावरून डोंगराचे वय ठरवण्याची घाई करू नये.